चिपच्या परीक्षेतील ‘शून्य’ आणि ‘गैरहजर’

सेमीकंडक्टर कारखान्यांतील चाचणीच्या फाइली कशा वाचल्या जातात, त्या वाचताना चूक कुठे होते आणि फंक्शनल प्रोग्रामिंग या शैलीने ती कशी टाळता येते, याचा परिचय

शालान्त परीक्षेच्या गुणपत्रिकेत एखाद्या विषयापुढे शून्य असणे आणि ‘गैरहजर’ असा शेरा असणे, यांतला फरक कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या विद्यार्थ्याने पेपर दिला आणि त्याला काही लिहिता आले नाही. दुसऱ्याने तो दिलाच नाही. वर्गाची सरासरी काढणाऱ्या लिपिकाने गैरहजर मुलांपुढेही शून्य मांडले, तर बेरीज व भागाकार अचूक असूनही निष्कर्ष चुकीचा निघेल. वर्ग आहे त्यापेक्षा कच्चा दिसेल आणि चूक नेमकी कुठे झाली हे अंतिम आकड्याकडे पाहून कोणालाही कळणार नाही.

मोबाइल, मोटार, विजेचा मीटर आणि रुग्णालयातील यंत्रे यांत बसणाऱ्या प्रत्येक चिपची अशीच परीक्षा होते आणि तिचीही गुणपत्रिका असते. ही गुणपत्रिका माणूस वाचत नाही, संगणक वाचतो. तिच्यातील ‘शून्य’ आणि ‘गैरहजर’ यांतला फरक संगणकाला आपोआप कळत नाही. वाचणारा प्रोग्राम ज्याने लिहिला, त्याने तो लक्षात ठेवावा लागतो. हा भार माणसाच्या स्मरणशक्तीवर न टाकता प्रोग्रामच्या रचनेवर टाकता येईल का, या प्रश्नाला फंक्शनल प्रोग्रामिंगने समाधानकारक उत्तर दिले आहे.

भारतात या विषयाला आता वेगळे महत्त्व आले आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१मध्ये सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांचा कार्यक्रम मंजूर केला. त्याखाली मंजूर झालेल्या प्रकल्पांपैकी अनेक प्रकल्प चिप घडवण्याचे नसून, घडलेल्या चिपची जुळणी, वेष्टन आणि चाचणी करण्याचे आहेत. गुजरातमधील सानंद येथील मायक्रॉनचा आणि आसाममधील जागीरोड येथील टाटा समूहाचा प्रकल्प ही त्यांतली ठळक उदाहरणे. चाचणीच्या कारखान्यातून चिप बाहेर पडते, तशीच प्रत्येक चिपची माहितीही बाहेर पडते.

चिपची परीक्षा कशी होते?

चिप सुटी घडवली जात नाही. सिलिकॉनच्या पातळ, गोल चकतीवर, म्हणजे वेफरवर, एकाच वेळी शेकडो किंवा हजारो चिप तयार होतात. आधुनिक कारखान्यांत या वेफरचा व्यास ३०० मिलिमीटर असतो. वेफर कापण्यापूर्वी प्रत्येक चिपवर अतिसूक्ष्म सुया टेकवून तिची पहिली चाचणी घेतली जाते. त्यानंतर वेफर कापून चांगल्या चिप वेगळ्या करतात, त्यांना आवरण व बाहेरची जोडणी देतात आणि पुन्हा एकदा अंतिम चाचणी घेतात.

ही परीक्षा घेणाऱ्या स्वयंचलित यंत्राला उद्योगात ‘टेस्टर’ म्हणतात. १९६० साली बॉस्टनमध्ये स्थापन झालेली टेराडाइन ही अमेरिकी कंपनी आणि जपानची अ‍ॅडव्हान्टेस्ट ही या क्षेत्रातील दोन मोठी नावे. टेस्टर चिपच्या एका टोकाला ठरावीक व्होल्टेज देतो, दुसऱ्या टोकाला किती विद्युतप्रवाह आला हे मोजतो आणि तो आकडा खालच्या व वरच्या मर्यादेत बसतो की नाही हे पाहतो. अशा शेकडो चाचण्या काही सेकंदांत उरकतात. शेवटी चिपला एक वर्ग दिला जातो. या वर्गाला ‘बिन’ म्हणतात. उत्तम, कमी वेगाची पण वापरण्याजोगी, अमुक कारणाने बाद, असे हे बिन असतात.

ऊस गाळल्यावर साखरेचा उतारा किती पडला, हा जसा साखर कारखान्याच्या जिव्हाळ्याचा प्रश्न, तसाच वेफरमागे चांगल्या चिपचा उतारा किती, हा चिप कारखान्याचा. उतारा घसरला तर तो कोणत्या चाचणीत, वेफरच्या कोणत्या भागात आणि कोणत्या यंत्रावर घसरला, हे शोधावे लागते. या सगळ्याची उत्तरे टेस्टरने लिहिलेल्या फाइलीत असतात.

एसटीडीएफ : एका कंपनीची पद्धत, साऱ्या उद्योगाची झाली

या फाइलींच्या सर्वांत प्रचलित स्वरूपाचे नाव एसटीडीएफ, म्हणजे ‘स्टँडर्ड टेस्ट डेटा फॉरमॅट’. टेराडाइनने १९८०च्या दशकात ते आपल्या यंत्रांसाठी तयार केले. पुढे इतर कंपन्यांच्या टेस्टरनीही तेच स्वीकारले आणि एका कंपनीची अंतर्गत पद्धत साऱ्या उद्योगाची बोली झाली. आजही तिची चौथी आवृत्तीच पायाभूत मानली जाते. २००७ साली तिच्यात काही नव्या नोंदींची भर पडली.

एसटीडीएफ फाइल साध्या मजकुरासारखी उघडून वाचता येत नाही. ती बायनरी असते, म्हणजे बाइटांची अखंड माळ. बाइट म्हणजे आठ बिटांचा गट. त्यात ० ते २५५ यांपैकी एक संख्या मावते. पूर्वीचे मोडी लिपीतले कागद ज्यांनी पाहिले असतील, त्यांना या माळेची अडचण लगेच समजेल. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि विरामचिन्हे नसतात; शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याला भाषेच्या ज्ञानावरून ओळखावे लागते. एक शब्द चुकीच्या जागी तोडला की पुढची सारी ओळ बिघडते. बायनरी फाइलीचेही तसेच होते. एका बाइटाची गफलत झाली, तर तिथून पुढचे सगळे आकडे निरर्थक होतात.

ही गफलत होऊ नये म्हणून एसटीडीएफची रचना नोंदींत विभागलेली आहे. प्रत्येक नोंदीच्या आरंभी चार बाइटांचे शीर्ष असते. पहिल्या दोन बाइटांत नोंदीची लांबी, तिसऱ्यात तिचा प्रकार आणि चौथ्यात उपप्रकार. ही लांबी शीर्षाचे चार बाइट सोडून मोजतात. प्रकार व उपप्रकार मिळून नोंद कशाची हे ठरते. उदाहरणार्थ, १ आणि १० ही जोडी आली तर संपूर्ण खेपेची मुख्य माहिती. ५ आणि १० म्हणजे एका चिपच्या परीक्षेचा आरंभ. १५ आणि १० म्हणजे एका चाचणीत मोजलेले मूल्य. ५ आणि २० म्हणजे त्या चिपचा अंतिम निकाल. अनोळखी नोंद आली तरी तिची लांबी ठाऊक असल्याने वाचणारा प्रोग्राम ती ओलांडून पुढे जाऊ शकतो. या एका दूरदृष्टीमुळे जुने प्रोग्राम नव्या फाइलींवरही चालत राहिले.

‘पंचवीस’ आणि २५

मराठी माणूस २५ ही संख्या लिहिताना आधी दशकाचा अंक लिहितो, पण उच्चारताना आधी ‘पंच’ म्हणतो आणि मग ‘वीस’. इंग्रजीत उच्चारही दशकापासूनच होतो. संगणकांतही असेच दोन संप्रदाय आहेत. दोन बाइटांत मावणारी संख्या साठवताना काही संगणक लहान भाग आधी ठेवतात, तर काही मोठा. दोनची संख्या एका संप्रदायात ‘०२ ००’ अशी लिहिली जाते, दुसऱ्यात ‘०० ०२’ अशी. पहिल्याने लिहिलेली संख्या दुसऱ्याच्या रीतीने वाचली, तर दोनाचे ५१२ होतात.

एसटीडीएफ घडत होते त्या काळात दोन्ही संप्रदायांचे संगणक कारखान्यांत होते. म्हणून फाइलीच्या पहिल्याच नोंदीत, ती कोणत्या प्रकारच्या संगणकावर लिहिली गेली याची खूण ठेवलेली असते. त्या रकान्यात ० असेल तर डेक कंपनीचे जुने पीडीपी–११ व व्हॅक्स संगणक, १ असेल तर सन कंपनीचे, २ असेल तर आयबीएम पीसीच्या जातीचे. इथे एक मजेदार पेच आहे. ही खूण पाचव्या बाइटात असते. तिच्याआधी लांबीचे दोन बाइट येतात आणि ते कोणत्या क्रमाने वाचायचे हे तर त्या खुणेवरच अवलंबून. सुटका अशी की पहिल्या नोंदीची लांबी नेहमी दोनच असते. त्यामुळे ती बाजूला ठेवून सरळ पाचवा बाइट पाहायचा, क्रम ठरवायचा आणि मग उरलेली फाइल त्या क्रमाने वाचायची.

नऊ बिटे आणि एक आकडा

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. मोजलेल्या मूल्याच्या नोंदीत, म्हणजे उद्योगाच्या भाषेत ‘पीटीआर’मध्ये, चाचणीचा क्रमांक, टेस्टरच्या कोणत्या जागेवर ती झाली याचा क्रमांक, दोन फ्लॅग आणि मग प्रत्यक्ष निकालाचा आकडा, असे रकाने ओळीने येतात. फ्लॅग म्हणजे आठ बिटांचा एक बाइट. त्यातले प्रत्येक बिट एका ‘हो किंवा नाही’ प्रश्नाचे उत्तर असते. धोक्याची सूचना मिळाली का? निकालाचा आकडा अग्राह्य आहे का? तो अविश्वसनीय आहे का? वेळ संपली का? चाचणी झालीच नाही का? ती मध्येच थांबवली का? चिप उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे ठरलेच नाही का? ठरले असेल, तर ती अनुत्तीर्ण आहे का?

एसटीडीएफचे नियम स्पष्ट सांगतात की पहिल्या फ्लॅगमधील सहा आणि दुसऱ्यातील तीन, अशी एकूण नऊ बिटे शून्य असतील तरच निकालाचा आकडा उपयोगाचा समजावा. परंतु आकड्यासाठी राखलेले चार बाइट फाइलीत असतातच. चाचणी झाली नसली तरी तिथे काहीतरी लिहावेच लागते, कारण पुढचे रकाने आपापल्या जागी राहायला हवेत. पुष्कळदा तिथे शून्य असते. वाचणाऱ्या प्रोग्रामला तो अगदी खऱ्या शून्यासारखाच दिसतो.

याचा परिणाम एका छोट्या हिशेबावरून लक्षात येईल. समजा, दहा चिपपैकी नऊ चिपनी १.२० व्होल्ट दाखवले आणि दहाव्या चिपची चाचणीच झाली नाही. तिच्या रकान्यात शून्य पडले. फ्लॅग पाहणारा प्रोग्राम नऊ आकड्यांची सरासरी काढून १.२० सांगेल. फ्लॅग न पाहणारा दहा आकडे घेऊन १.०८ सांगेल. सरासरीतली ही घसरण लहान वाटते. पण आकड्यांचा विखार मोजणारे प्रमाण विचलन मात्र शून्यावरून एकदम ०.३६वर जाते.

मोटारीत बसणाऱ्या चिपच्या बाबतीत हा विखार फार महत्त्वाचा ठरतो. मोटार उद्योगातील इलेक्ट्रॉनिक भागांच्या परिषदेची ‘एईसी–क्यू००१’ नावाची मार्गदर्शिका सांगते की, चिप ठरीव मर्यादेत बसते एवढ्यावर समाधान मानू नये. ती आपल्याच खेपेतील इतर चिपपेक्षा फार वेगळी वागत असेल, तर तिलाही बाजूला काढावे. अशी वेगळी वागणारी चिप आज चालते, पण पुढे ब्रेकच्या किंवा एअरबॅगच्या मंडलात दगा देण्याची शक्यता तिच्यात अधिक असते. ‘फार वेगळी’ म्हणजे किती, हे खेपेच्या विखारावरून ठरते. वरच्या उदाहरणात सरासरीच्या दोन्ही बाजूंना सहा प्रमाण विचलने इतकी मर्यादा धरली, तर ती उणे १.०८पासून ३.२४ व्होल्टपर्यंत पसरते. मग २ व्होल्ट दाखवणारी संशयास्पद चिपही त्यातून सहज निसटते. म्हणजे न झालेल्या एका चाचणीमुळे दुसऱ्याच एका सदोष चिपला संरक्षण मिळते.

हा धोका ओळखूनच ती मार्गदर्शिका साध्या सरासरीऐवजी मध्यक आणि चतुर्थक वापरते. एखादा विचित्र आकडा आला तरी ते फारसे हलत नाहीत. परंतु टेस्टर एका वेळी चार चिप तपासत असेल आणि त्यांतील एका जागेच्या सुया नीट टेकत नसतील, तर चौथा हिस्सा आकडे खोटे येतात. अशा वेळी चतुर्थकही शून्याकडे ओढला जातो. संख्याशास्त्राची ढाल काही मर्यादेपर्यंतच पुरते. आकडा ग्राह्य आहे की नाही हे वाचतानाच ठरवावे लागते.

लहान वाचक, त्यांची जोडणी

फंक्शनल प्रोग्रामिंगचे मूळ अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ अलोंझो चर्च यांनी १९३०च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कलनात आहे. या शैलीत प्रोग्राम म्हणजे संगणकाला एकामागून एक दिलेल्या आज्ञांची यादी नसते. गणितातल्यासारखी लहान लहान फंक्शने लिहायची आणि ती एकमेकांना जोडून मोठे फंक्शन तयार करायचे, अशी ही रीत. एका फंक्शनला तेच मूल्य दिले की उत्तर नेहमी तेच येते. ते गुपचूप दुसऱ्या कोणाची वही बदलत नाही. या शैलीची प्रातिनिधिक भाषा म्हणजे हॅस्केल. तिचा पहिला अहवाल १९९० साली प्रसिद्ध झाला आणि तिला हॅस्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचे नाव देण्यात आले.

मराठी शाळांत व्याकरणाच्या तासाला वाक्यपृथक्करण शिकवतात. उद्देश्य कोणते, विधेय कोणते, उद्देश्यविस्तार कोणता, अशी वाक्याची फोड तिथे केली जाते. फाइलीच्या बाबतीत संगणक जे ‘पार्सिंग’ करतो ते हेच. हॅस्केलमध्ये या कामाची लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामरना आयता वापरता येईल असा फंक्शनांचा संच, लिहिताना आधी अगदी लहान वाचक तयार करतात. एक वाचक एका बाइटाची संख्या वाचतो. दुसरा दोन बाइटांची. तिसरा मजकूर वाचतो. एसटीडीएफमध्ये मजकुराचा पहिला बाइट त्याची लांबी सांगतो, म्हणून हा वाचक आधी पहिल्या वाचकाकडून लांबी घेतो आणि मग तेवढीच अक्षरे उचलतो. प्रत्येक वाचक दोन गोष्टी परत देतो, वाचलेले मूल्य आणि उरलेली माळ. वाचता आले नाही तर ‘अमुक ठिकाणी अडले’ हेही तो एक उत्तर म्हणूनच परत देतो.

मग हे वाचक ओळीने जोडले की पीटीआरचा वाचक तयार होतो, आणि निरनिराळ्या नोंदींचे वाचक जोडले की संपूर्ण फाइलीचा. असा प्रोग्राम पाहिला तर तो एसटीडीएफच्या नियमपुस्तिकेतील तक्त्यासारखा दिसतो. चाचणी क्रमांक, जागा, फ्लॅग, निकाल, हाच क्रम दोन्हीकडे. नियम आणि प्रोग्राम शेजारी ठेवून ताडून पाहता येतात, हा या पद्धतीचा मोठाच लाभ.

‘नाही’ हेही एक मूल्य

याहून मोठा लाभ मूल्यांच्या प्रकारांमुळे मिळतो. बहुतेक जुन्या भाषांत निकालाचा रकाना म्हणजे एक दशांश संख्या, एवढेच सांगता येते. ती ग्राह्य की अग्राह्य हे दुसऱ्या रकान्यात असते आणि दोन्ही एकत्र पाहण्याची जबाबदारी प्रोग्रामरवर राहते. हॅस्केलमध्ये ‘मेबी’ नावाचा प्रकार आहे. त्याचे मूल्य दोनच रूपांत असू शकते, ‘जस्ट’ म्हणजे आकडा आहे आणि तो हा, किंवा ‘नथिंग’ म्हणजे आकडा नाही. लायब्ररीचा लेखक वाचतानाच ती नऊ बिटे तपासतो. सगळी शून्य असतील तर आकडा ‘जस्ट’च्या वेष्टनात ठेवतो, नसतील तर चार बाइटांत काहीही असो, ‘नथिंग’ परत देतो. हवे असल्यास ‘नाही’बरोबर त्याचे कारणही देता येते. चाचणी झाली नाही, वेळ संपली, मध्येच थांबवली, असे.

यापुढे ही लायब्ररी वापरणाऱ्याला चूक करणे अवघड होते. त्याने हे मूल्य सरळ बेरजेत घालू पाहिले, तर प्रोग्रामचे भाषांतर करणारा कंपायलर त्याला अडवतो, कारण ‘असेलही, नसेलही’ अशा मूल्याची बेरीज नुसत्या संख्येशी होत नाही. आधी वेष्टन उघडावे लागते आणि ते उघडताना ‘नसेल तर काय’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. गैरहजर विद्यार्थ्यापुढे शून्य मांडणे अजूनही शक्य आहे. पण ते आता विसरून होत नाही, जाणूनबुजून आणि प्रोग्राममध्ये लिहूनच करावे लागते. पुढे तपासणाऱ्याला ती ओळ दिसते.

उलट बाजूचा अनुभवही संगणकशास्त्राच्या इतिहासात नोंदलेला आहे. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९६५ साली अल्गोल डब्ल्यू या भाषेसाठी ‘नल’ ही सोय काढली. काहीच नसल्याची ही खूण कोणत्याही संदर्भाच्या जागी मुकाट्याने बसू शकत असे. २००९ साली लंडनच्या एका परिषदेत त्यांनीच तिला आपली शंभर कोटी डॉलरची चूक म्हटले. त्यानंतरच्या काळात रस्ट, स्विफ्ट, कोटलिन अशा नव्या भाषांनी ‘मेबी’सारखी योजना आपापल्या परीने स्वीकारली, जावामध्येही २०१४ साली तशी सोय आली. फंक्शनल भाषा वापरणारे थोडे असले, तरी त्यांची ही कल्पना सर्वदूर पोहोचली आहे.

मागच्या नोंदीवर अवलंबून असलेली पुढची नोंद

एसटीडीएफमध्ये आणखी एक खाचखळगा आहे. जागा वाचावी म्हणून चाचणीच्या मर्यादा, एकक आणि तत्सम माहिती एका चाचणीच्या पहिल्याच नोंदीत लिहिली तरी चालते. पुढच्या नोंदींत ती गाळता येते. जमाखर्चाच्या वहीत वरच्याच नावाखाली ‘सदर’ लिहून भागवावे, तसेच हे. वाचणाऱ्याला मात्र मागची नोंद ध्यानात ठेवावी लागते. शिवाय एका वेळी अनेक चिप तपासल्या जात असतील, तर त्यांच्या नोंदी सरमिसळ होऊन येतात. पहिल्या जागेची एक, तिसऱ्या जागेची एक, पुन्हा पहिल्या जागेची, अशा. कोणता आकडा कोणत्या चिपचा, हे जागेच्या क्रमांकावरून जुळवावे लागते.

काहीही बदलायचे नाही असा दंडक असलेल्या शैलीत ‘ध्यानात ठेवणे’ कसे साधते, असा प्रश्न येथे पडू शकतो. उत्तर साधे आहे. फंक्शनला दोन गोष्टी द्यायच्या, आतापर्यंतचा गोषवारा आणि नवी नोंद. त्याने नवा गोषवारा परत द्यायचा. तो पुढच्या नोंदीबरोबर पुन्हा त्याच फंक्शनला द्यायचा. या क्रियेला ‘फोल्ड’ म्हणतात. रोजकीर्दीतली शिल्लक अशीच पुढे ओढली जाते. कालची शिल्लक आणि आजचे व्यवहार यांतून आजची शिल्लक निघते, आणि कालचे पान खाडाखोड न होता तसेच राहते. कुठे घोळ झाला असे वाटले, तर नेमक्या कोणत्या नोंदीनंतर गोषवारा बिघडला हे शोधता येते.

असा वाचक बरोबर आहे याची खात्री करण्यासाठीही या परंपरेत एक चांगले साधन आहे. स्वीडनमधील चामर्स विद्यापीठाचे कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० साली ‘क्विकचेक’ ही लायब्ररी मांडली. प्रोग्रामरने उदाहरणे न देता नियम द्यायचा. यंत्र स्वतःच यादृच्छिक उदाहरणे तयार करून तो नियम मोडतो का पाहते. येथे नियम असा देता येतो की, कोणतीही नोंद बाइटांत लिहून पुन्हा वाचली, तर मूळचीच नोंद मिळाली पाहिजे. रिकामा मजकूर, २५५ अक्षरांचा मजकूर, गाळलेले रकाने, उलटा बाइटक्रम अशा कोपऱ्यातल्या गोष्टी, ज्या माणसाला सुचत नाहीत, त्या यात सापडतात.

मर्यादा कोणत्या?

ही पद्धत रामबाण नाही. टेस्टरनेच चुकीचा फ्लॅग लिहिला, तर कोणताही प्रकार किंवा कंपायलर ते ओळखू शकत नाही. फाइलीतील वेळ १ जानेवारी १९७०पासूनच्या सेकंदांत नोंदवतात, पण ती स्थानिक वेळ असते आणि कोणत्या देशाची हे त्या रकान्यात नसते. वेफर एका देशात आणि अंतिम चाचणी दुसऱ्या देशात झाली, तर तो ताळा बाहेरच्या माहितीवरूनच घालावा लागतो. हॅस्केल शिकायला वेळ लागतो आणि ती जाणणारे प्रोग्रामर सहज मिळत नाहीत. ती मूल्ये गरज पडेल तेव्हाच काढते. त्यामुळे प्रचंड फाइलही तुकड्या-तुकड्याने वाचता येते, पण निष्काळजीपणा झाला तर हीच सवय स्मृती भरून टाकते. म्हणून पुष्कळ कारखान्यांत पायथनमधील ‘पायएसटीडीएफ’सारखी साधनेच वापरली जातात, आणि त्यांच्या साह्यानेही नीट काम करता येते. फक्त तिथे फ्लॅग पाहण्याची शिस्त वापरणाऱ्याने स्वतः पाळायची असते.

मोजमापाचा आकडा आणि त्याचा अर्थ यांची फारकत किती महाग पडते, हे १९९९ साली नासाच्या ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ यानाने दाखवून दिले. एका बाजूने इंग्रजी एककांत दिलेले आकडे दुसऱ्या बाजूने मेट्रिक समजून घेतले आणि यान मंगळाजवळ नष्ट झाले. एसटीडीएफमध्ये मूल्ये व्होल्ट, अँपिअर अशा मूळ एककांत ठेवतात आणि ती मिलिव्होल्टमध्ये दाखवायची की मायक्रोव्होल्टमध्ये, हे वेगळ्या रकान्यात सांगतात. तो रकाना दाखवण्यापुरताच आहे हे विसरून मूल्यालाच पुन्हा हजाराने गुणले, तर तोच प्रकार छोट्या प्रमाणावर घडतो. एककालाही मूल्याच्या प्रकारात बांधून ठेवणे, हा त्यावरचा उपाय याच विचारसरणीतला.

फर्मागुडीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांतून इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक या दोन्ही शाखांचे पदवीधर बाहेर पडतात. चिपची चाचणी या दोन शाखांच्या सीमेवर येते. आकडा कसा मोजला गेला हे एका शाखेला कळते, तो कसा साठवला व वाचला जातो हे दुसरीला. देशातील चाचणी प्रकल्पांत ज्यांना काम करायचे आहे, त्यांना दोन्ही बाजूंची ओळख हवी. एसटीडीएफचे नियम प्रसिद्ध आहेत, हॅस्केलचा कंपायलर विनामूल्य मिळतो आणि पीटीआरचा एक वाचक लिहून पाहणे हा पदवीच्या विद्यार्थ्याला झेपणारा प्रकल्प आहे. तो करताना त्याने आपल्या प्रोग्रामला एक प्रश्न जरूर विचारावा. नऊपैकी एक जरी बिट उभे असेल, तर पुढे जाणाऱ्या आकड्याचे काय होते? मोटारीच्या ब्रेकमध्ये बसणारी चिप या उत्तराच्या भरवशावर कारखान्याबाहेर पडत असते.